कॅनकूनचा मोफत नाश्ता पडला 3,389 डॉलरला

मेक्सिकोतल्या कॅनकूनला जाणार असाल तर विमानतळावर कस्टम्स संपल्यापासून बाहेर पडेपर्यंत जो हॉल लागतो, तिथे कुणाशीही बोलू नका. कुणाशीही म्हणजे कुणाशीही. गळ्यात ओळखपत्र असो, इस्त्रीचा पांढरा शर्ट असो, मागे 'पर्यटक माहिती केंद्र' अशी पाटी असो. तुम्ही आधी ठरवलेली गाडी आत येतच नाही, ड्रायव्हर बाहेर कंपनीच्या पाट्या घेऊन उभे असतात. आत काउंटर मांडून बसलेले बहुतेक टाइमशेअरवाले, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहायचा हक्क आगाऊ विकणारे. सरळ चालत राहा, मान वळवू नका.

आम्ही डॅलसहून गेलो होतो. आई-बाबा सांगलीहून आलेले. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोला वेगळा लागत नाही, म्हणून तर कॅनकून ठरवलं. बाबांना चिचेन इत्साचा पिरॅमिड बघायचा होता, आईला समुद्र. त्या हॉलमध्ये अशाच एका पांढऱ्या शर्टवाल्याने माझ्या हातातला गाडीच्या बुकिंगचा कागद स्वतःच घेतला, त्यावर पेनने टिक केली आणि म्हणाला, ड्रायव्हरला वीस मिनिटं लागतील, बसा. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. आता सांगा, यात संशय घ्यायचा कुठे? ड्रायव्हर बाहेर केव्हाचा उभा होता, हे नंतर कळलं.

मग नकाशा निघाला. चिचेन इत्सा माणशी 110 डॉलरऐवजी 49, इस्ला मुखेरेस बेटाची बोट फुकट. फक्त उद्या सकाळी एका रिसॉर्टमध्ये नाश्त्याला या, 90 मिनिटं. आत्ता 80 डॉलर डिपॉझिट, उद्या परत. आणि जाताजाता म्हणाला, येताना दोघंही या, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड सोबत ठेवा.

बायकोने तिथेच मराठीत विचारलं, "नाश्त्याला क्रेडिट कार्ड कशाला?"

हेच ते वाक्य. ते आठवलं की अजून डोकं तडकतं. नाश्त्याला पासपोर्ट लागत नाही, नवरा-बायको दोघांच्या सह्या लागत नाहीत. तुमचं लग्न झालंय का, नोकरी काय करता, असं टॅक्सीवाला विचारत नाही. त्याने हे सगळं विचारलं होतं, हसत हसत, आईला "मामा" म्हणत. मी बायकोला म्हटलं, ओळख पटवायला लागत असेल. तीन तासांचा विमानप्रवास, बाबांचे गुडघे, ऊन. अशा वेळी कुणीही हेच म्हटलं असतं. आणि मी काही भोळा नाही. ऑर्लँडोच्या टाइमशेअरचे फोन मी दोन वाक्यांत कापतो. पण ऑर्लँडोत निदान ते सांगतात की टाइमशेअर आहे. इथे तो शब्दच कुणी काढत नाही. 'व्हेकेशन क्लब' म्हणतात.

90 मिनिटांचे साडेचार तास झाले. मेंबरशिपचा आकडा 38,500 डॉलरवरून सुरू झाला. नको म्हटलं की वरचा साहेब येतो, 24,000. पुन्हा नको, मग आणखी वरचा, 14,800. आई-बाबांना त्यांनी आधीच स्विमिंग पूलकडे नेलं होतं आणि गाडी त्यांच्या ताब्यात. "तुमच्या आईला समुद्र आवडतो ना? दरवर्षी आणा." नको असेल तर दोन वर्षांनी कंपनीच विकत घेईल, हे तोंडी. शेवटी 20 टक्के म्हणजे 2,960 आणि नोंदणीचे 349 कार्डावरून गेले. 80 चं डिपॉझिट परत आलंच नाही. एकूण 3,389. रुपयांत पावणेतीन लाखांच्या वर.

सही करताना एक बाई व्हिडिओ लावून विचारते: तुमच्यावर दबाव होता का? तोंडी काही आश्वासन दिलं का? कॅमेऱ्यासमोर माणूस 'नाही'च म्हणतो. तो व्हिडिओ पुढे तुमच्याच गळ्यात येतो. कॅमेरा दिसला की उठा.

आता कायदा. मेक्सिकोत टाइमशेअरचा करार पाच कामकाजाच्या दिवसांत विनादंड रद्द करता येतो. हे त्यांच्या कायद्यातच आहे, आणि करारात तो हक्क सोडल्याचं लिहिलेलं असलं तरी त्याला किंमत नाही. मी रात्री हॉटेलात हे वाचलं आणि सकाळी पत्र घेऊन दारात उभा राहिलो. त्यांनी पत्र घेतलं, पोचीचा शिक्का द्यायला नकार दिला. शिक्का देणारा अधिकारी उद्या येणार. उद्या रविवार. सोमवारी तो मेक्सिको सिटीला. शिक्क्याशिवाय पत्र ठेवून येऊ नका. देत नसतील तर हातात पत्र धरून दारातच व्हिडिओ काढा आणि रजिस्टर्ड पोस्टाने दुसरी प्रत त्याच दिवशी टाका.

पोलीस? पर्यटकांसाठी नेमलेला, इंग्रजी येणारा पोलीस म्हणाला, तुम्ही सही केली, आम्ही काय करणार, ही दिवाणी बाब. छान. मग ग्राहक तक्रारीचं सरकारी कार्यालय. तिथे टोकन, बाकड्यावर दोन तास, आणि खिडकीवरची बाई म्हणते, तक्रार स्पॅनिशमध्ये द्या, कराराच्या सगळ्या पानांच्या प्रती द्या, सुनावणीला हजर राहा. सुनावणी कधी? कळवू. मी म्हटलं, आमचं परतीचं विमान आहे. मग मेलवर करा. मेल केली. उत्तर आलं की प्रत्यक्ष या. पुन्हा मेल केली, तर पहिलंच उत्तर नवी तारीख घालून आलं. ज्या शहराचं पोट पर्यटकांवर चालतं, तिथल्या ग्राहक कार्यालयात पर्यटकाची तक्रार त्याच्या भाषेत घेणारा एक माणूस नसावा? आणि विमानतळावर हा बाजार कुणाच्या परवानगीने भरतो? जागा काही त्यांनी रात्रीतून बळकावलेली नाही, कुणीतरी भाड्याने दिली आहे.

अमेरिकेतली माझी बँक तर त्याहून थोर. आधी म्हणाली काळजी नको, पैसे तात्पुरते जमा केले. मग रिसॉर्टने सही आणि तो व्हिडिओ पाठवला आणि पैसे परत काढून घेतले. शिक्का नाही, म्हणजे रद्द केल्याचा पुरावा नाही. कायदा दाखवला तर म्हणे आम्हाला परदेशी कायदा लागू नाही. वर स्पॅनिश करारपत्राचं प्रमाणित भाषांतर मागितलं, 220 डॉलर.

चिचेन इत्सा आम्ही शेवटी स्वतः पाहिलं. त्या 49 मध्ये प्रवेश धरलेलाच नव्हता, तो तिथे केंद्राचा आणि राज्याचा असा दोन भागांत वेगळा भरावा लागतो. बाकी शहरात लुटून घ्यायची गरजच नाही. विमानतळावरून गावात एडीओ कंपनीची साधी बस येते. हॉटेलांच्या पट्ट्यात आर-1, आर-2 बस धावतात. किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, समुद्रासाठी कुणाचा क्लब लागत नाही. पार्के दे लास पालापास या चौकात गाड्यावर मार्केसिता, म्हणजे चीज घातलेली कुरकुरीत गुंडाळी मिळते, आईने दोन खाल्ल्या. शाकाहारी असाल तर राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये 'मांतेका' आहे का विचारा, ती डुकराची चरबी. मेर्कादो 28 या बाजारात चांदी घेताना 925 चा ठसा बघा, 'अल्पाका' म्हणतात त्यात चांदी नसते. पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच असतं, मशिनवर कुठलं चलन आहे ते वाचल्याशिवाय कार्ड लावू नका.

आणि ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी पुढचं नीट वाचा. गेल्या महिन्यात मला एक 'वकील' फोनवर भेटला. अस्खलित इंग्रजी. तुमच्या मेंबरशिपला 19,000 डॉलरचं गिऱ्हाईक आहे, फक्त मेक्सिकोचा कर 1,850 आधी भरा. असे फोन मेक्सिकोतल्या जालिस्को राज्याच्या ड्रग कार्टेलशी जोडलेल्या टोळ्या करतात. 2023 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने त्याबद्दल माणसांवर आणि कंपन्यांवर निर्बंधही घातले. मी एक पैसा दिला नाही. पण त्या माणसाने माझ्या कराराचा नंबर वाचून दाखवला, अगदी बरोबर. तो नंबर मी बँक आणि ग्राहक कार्यालय सोडून कुणालाही दिलेला नाही, आणि तिसरं ठिकाण रिसॉर्टच. तिघांनाही विचारलं आहे. बँकेने नवा तक्रार क्रमांक दिला, बाकी दोघं गप्प आहेत.