रँचवर ईझमेंट: दान करावं, विकावं की मुदतीचा करार?

अमेरिकेतल्या ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पट्ट्यात रँच (गुरं चारायची मोठी जमीन) आहे, प्लॉट पाडणारे दारात येऊन गेलेत आणि जमिनीचे तुकडे होऊ द्यायचे नाहीत. मग पर्याय मोजकेच उरतात.

लँड ट्रस्टला, म्हणजे जमिनी राखणाऱ्या ना-नफा संस्थेला, संवर्धन ईझमेंट (जमिनीचे प्लॉट न पाडण्याचं कायदेशीर बंधन) दान केलं, तर मालकी आणि चराई तुमचीच राहते; प्लॉट पाडायचा हक्क तेवढा कायमचा जातो. बदल्यात केंद्रीय आयकरात वजावट: पात्र रँचरला उत्पन्नाच्या 100 टक्क्यांपर्यंत, उरलेली पुढची 15 वर्षं. ऐकायला झकास. पण दुष्काळात गुरं विकून बसलेल्याचं उत्पन्नच बेताचं असेल, तर वजा करायचं कशातून? न्यू मेक्सिकोत राज्याची करसवलत दुसऱ्याला विकता येते, तिथे दान जरा परवडतं.

कर्ज फेडायचंय किंवा भावंडांचा वाटा द्यायचाय, तर ईझमेंट विकाच. केंद्राच्या योजनेतून ईझमेंटच्या बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत पैसे मिळतात, विशेष महत्त्वाच्या गवताळ जमिनीला 75 टक्क्यांपर्यंत. जमीन गहाण असेल तर आधी बँकेला राजी करा.

केंद्राचा 10 किंवा 15 वर्षांचा कुरण-करारही आहे. दरवर्षी भाडं, चराई चालू. वारसांचं एकमत होईपर्यंत ठीक. त्याने रँच कायमची वाचत नाही.

मला सगळ्यात पटलेली वाट वेगळीच. 1994 साली सुरू झालेल्या, इथल्याच रँचरांच्या मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुपने 'गवत बँक' चालवली. शेजारचे रँचर आपली गुरं न्यू मेक्सिकोतल्या मोठ्या ग्रे रँचच्या गवतावर न्यायचे आणि त्या चाऱ्याच्या किमतीएवढं ईझमेंट स्वतःच्या जमिनीवर ग्रुपला द्यायचे. रोख हातात पडत नाही, पण पाऊस दगा देतो तेव्हा कुरणाला विसावा मिळतो. अडचण एवढीच, की शेजारी तेवढं मोठं, राखलेलं कुरण हवं.

काहीही निवडा, मसुदा रेघ न रेघ वाचा. जनावरांचा ठरावीक आकडा लिहिला असेल तर खोडायला लावा. कोरड्या मुलखात एका वर्षी जमणारा कळप पुढच्या वर्षी जड होतो. त्यापेक्षा चरून किती गवत मागे राहिलं, यावर अट बरी. नवी पाइपलाइन, टाकी, सौरपंप यांना दरवेळी ट्रस्टची परवानगी लागणार का, तेही पाहा. जमिनीखालच्या खनिजांचा हक्क दुसऱ्याकडे असेल तर वकील आधी गाठा.

आणि ईझमेंट फक्त स्वतःच्या नावावरच्या जमिनीला लागतं, सरकारकडून चराईसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीला नाही. नावावरची जमीन थोडी असली तरी बिचकू नका, पाणी बहुधा तिथेच असतं.