‘तुमीच उगडलो न्हय?’ : 849 रुपयांचा पंखा मला 6,649 ला कसा पडला

म्हापशातल्या त्या दुकानदाराने लॅपटॉप हातात घेतला आणि पहिला प्रश्न हाच केला. मी मान खाली घालून हो म्हटलं. माझे पैसे खरं तर त्या एका ‘हो’मध्ये गेले.

मी गोव्यात डिचोलीला घरूनच डीटीपीची कामं करतो. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, चवथीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिका. गेल्या जुलैत लॅपटॉपचा पंखा आधी खरखरायला आणि मग मध्येच थांबायला लागला. खालची जाळी पुसली तर फडकं तांबडं झालं. इथल्या लोहखनिजाच्या खाणी 2018 मध्ये बंद पडल्या होत्या, पण आमच्या घरांतून ती धूळ काही गेली नाही. त्यात पावसाळ्याची दमट हवा, मग ती धूळ पात्यांना चिखलासारखी चिकटून बसते.

पंखा बदलणं काही मोठं काम नाही, व्हिडिओ पाहून जमतं, असं वाटलं. तसं ते जमलंही. ऑनलाइन ‘नवा, ओरिजिनल’ म्हणून 849 रुपयांना पंखा मागवला. पार्ट नंबर जुळत होता. दहा स्क्रू, त्यातले दोन मागच्या रबरी पट्टीखाली लपलेले. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग पंख्याला हात लावला. माझ्या मॉडेलमध्ये हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, न हलवता पंखा निघतो, त्यामुळे त्या दोघांमध्ये लावायच्या पेस्टची भानगड नव्हती. बसवण्याआधी नव्या पंख्याचा एक फोटो काढला. चांगला निघाला तर विक्रेत्याच्या पानावर दोन शब्द लिहावेत, एवढाच हेतू.

लॅपटॉप सुरू केला तर पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला आणि काळ्या पडद्यावर सूचना आली की कूलिंग फॅन नीट चालत नाही, थोड्या वेळात मशीन बंद होईल. पंखा तर कानठळ्या बसवत होता! कनेक्टर दोनदा काढून बसवला, तेच. मग मनात नको ते यायला लागलं. आपल्या बोटाची स्टॅटिक वीज मशीनमध्ये गेली असणार, स्क्रूड्रायव्हर कुठे तरी लागला असणार. चवथ तीन आठवड्यांवर, चार पुस्तिका हातात. बायको म्हणाली, ‘‘सांगत होते, करू नका.’’ हे वाक्य डोक्यात घेऊनच मी अस्नोड्यावरून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये बसलो.

दुकानदाराने मशीन आत नेलं, दहा मिनिटांनी परत आला. चेहरा डॉक्टरसारखा. ‘‘मदरबोर्डावरचा फॅन कंट्रोलर आयसी, म्हणजे पंखा चालवणारी चिप, गेलाय. तुम्ही उघडताना शॉर्ट झाला. चिप लेव्हल काम आहे, 5,800 होतील. नको तर नवीन बोर्ड, तो पंचवीसच्या खाली नाही.’’ तीन हजार ॲडव्हान्स. मी घासाघीससुद्धा केली नाही. चूक माझी होती ना!

अकरा दिवसांनी लॅपटॉप मिळाला. पंखा शांत, सूचना गेलेली. बिलावर फक्त ‘लॅपटॉप सर्व्हिस’ आणि आकडा. ना पार्टचं नाव, ना जीएसटी नंबर. जुना आयसी मागितला तर म्हणाला, ‘‘तो उडयलो,’’ म्हणजे फेकला. मी आभार मानून आलो. ते आठवलं की अजून अंगाची लाही होते.

चवथ पार पडली आणि पंधरवड्यात पंखा पुन्हा खरखरला. ह्या वेळी उघडताना हात थरथरत होता, पण उघडला. आत माझाच 849 वाला पंखा. वायर जिथे वळते तिथे माझ्या स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा होता, तो तसाच. सहज मोबाइलमधला फोटो काढून शेजारी धरला. फोटोत वायरींचा क्रम लाल, काळी, निळी, पिवळी. समोरच्या पंख्यावर लाल, काळी, पिवळी, निळी. आणि कनेक्टरमध्ये शेवटच्या दोन पिना अडकवून ठेवणारी पांढऱ्या प्लॅस्टिकची इवलीशी जीभ सुई घालून उचलल्यासारखी वाकलेली.

ह्या चार वायरींचं काम आधी कळलं असतं तर मी म्हापशाला गेलोच नसतो. लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड. उरलेल्या दोनपैकी एक बोर्डाकडून पंख्याला ‘किती वेगाने फिर’ ते सांगते आणि दुसरी पंखा प्रत्यक्षात किती फिरतोय ते बोर्डाला कळवते. ह्या दोन उलट लागल्या की वेगाचा हुकूम पंख्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तो पूर्ण वेगाने धावतो. आणि फेऱ्यांची खबर बोर्डाला मिळत नाही, म्हणून बोर्ड ‘पंखा बंद’ म्हणून ओरडतो. डब्बा आणि पार्ट नंबर सारखा दिसला तरी हा क्रम मॉडेलगणिक बदलू शकतो, रंगांचाही पक्का नियम नाही. जुना पंखा शेजारी ठेवून कनेक्टर जुळवणं, एवढंच करायचं होतं, आणि मी फक्त स्टिकर जुळवला. नशीब, लाल-काळीची अदलाबदल नव्हती.

म्हणजे दुकानदाराला दोष सापडला होता, बहुधा त्या पहिल्या दहा मिनिटांतच. दोन पिना इकडच्या तिकडे केल्या आणि मला बोर्डाचं ऑपरेशन विकलं.

तरी खात्री म्हणून बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडे गेलो. त्याने बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेतला, दोन-तीनदा फिरवला. ‘‘सर, ह्या बोर्डाक कोणेंच हात लावूंक ना. आयसी काढला असता तर बाजूला सोल्डरिंगला लावतात त्या फ्लक्सचा डाग, सोल्डरची वेगळी चमक, काहीतरी दिसलं असतं.’’ मग त्याने हेअर ड्रायरने पंख्याचं स्टिकर गरम करून सोललं. खाली दुसरं स्टिकर, त्यावर दुसराच नंबर, आणि कडेला जुन्या धुळीची रेघ. वापरलेला पंखा धुऊन-पुसून नवा केलेला. बेअरिंग आधीच झिजलेलं, म्हणून तर पुन्हा खरखरला. पोराने पाहण्याचे पैसे घेतले नाहीत, मी बळेच शंभर ठेवले.

पंखा स्वतः बदलून गडबड झाली असेल तर दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं पाहा. पंखा अजिबात फिरत नसेल तर कनेक्टर अर्धवट बसलाय का, आणि पंख्यावर पाचऐवजी बारा व्होल्ट लिहिलंय का. पूर्ण वेगाने फिरून वर सूचना येत असेल तर शेवटच्या दोन वायरी. शांत फिरतोय, सूचना नाही, पण मशीन तरीही तापतंय, तर हीटसिंक हलली असणार. तिच्या स्क्रूंजवळ बहुधा आकडे असतात, त्याच क्रमाने आवळायचे, आणि ती उचलली असेल तर पेस्ट नवी लावायची. टकटक आवाज असेल तर पातं झाकणाला किंवा वायरीला घासतंय. आणि दुकानात दिलाच, तर आतला फोटो काढून द्या, काय बदलणार ते कागदावर घ्या, काढलेला भाग परत मागा. उघडला कोणी ह्या प्रश्नाला लाजू नका. आपली वस्तू आपण उघडली.

पंख्याची परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती, लॅपटॉप दुकानात अकरा दिवस. तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली, दोन्ही स्टिकरांचे फोटो जोडले, आणि 849 रुपये परत आले. दुकानाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

त्याआधी एकदा म्हापशाला जाऊन आलो. शुक्रवार होता, बाजाराची गर्दी दुकानाच्या दारापर्यंत. मी दोन्ही फोटो काउंटरवर ठेवले, आधीचा आणि नंतरचा. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग नंतरच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘म्हळ्यार परत तुमीच उगडलो न्हय?’’

ह्या वेळी मी मान वर ठेवून हो म्हटलं, आणि बिलावर आयसीचा नंबर लिहून मागितला. त्याने 2,000 रुपये मोजून पुढे सरकवले. मी ते घेतले, पण ‘हिशेब मिटला’ असं लिहिलेल्या त्याच्या कागदावर सही केली नाही.