भोसरीतले बावीस संगणक आणि एक सुरक्षा प्रणाली: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

भोसरी एमआयडीसीत आमचा यंत्रभागांचा छोटा कारखाना आहे. वाहन उद्योगाचे ओतीव भाग आमच्याकडे येतात, व्हीएमसी आणि सीएनसी या संगणक-नियंत्रित यंत्रांवर त्यांचे काम होते आणि तपासणी होऊन ते पुढे जातात. कारखाना सासऱ्यांनी उभा केला. हिशेब, खरेदी आणि संगणकांची व्यवस्था गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. हिशेब विभाग, ड्रॉइंगची खोली, स्टोअर, तपासणी आणि यंत्रांना प्रोग्राम पाठवणारे मिळून एकूण बावीस संगणक आहेत, त्यांत एक सर्व्हर. नोव्हेंबर २०२४ मध्ये या सर्वांसाठी आम्ही केंद्रीय व्यवस्थापन असलेली एंडपॉइंट सुरक्षा (प्रत्येक संगणकावर बसणारे संरक्षक सॉफ्टवेअर) आणि इंटरनेटच्या जोडणीवर एक फायरवॉल (ये-जा तपासून अडवणारे उपकरण) घेतली. उत्पादनाचे आणि विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, कारण यातले बहुतेक अनुभव या वर्गातल्या कोणत्याही उत्पादनाबाबत येऊ शकतात आणि खरेदीपूर्वी कोणते प्रश्न विचारायला हवे होते, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

त्यापूर्वी आमच्याकडे काहीच नव्हते असे नाही. जो संगणक आला त्याच्याबरोबर हार्डवेअरवाल्याने दिलेला अँटीव्हायरस त्यावर पडत गेला. तीन कंपन्यांचे तीन प्रकार झाले होते आणि पाच संगणकांवरची मुदत संपून किती महिने लोटले हे कोणालाही ठाऊक नव्हते. एका मोठ्या ग्राहकाने पुरवठादारांसाठी सुरक्षेची प्रश्नावली पाठवली, तेव्हा ‘सर्व संगणकांची सद्यःस्थिती एका ठिकाणी पाहता येते का?’ या प्रश्नासमोर मला ‘नाही’ लिहावे लागले. त्यांची ड्रॉइंग आम्ही गोपनीयतेचा करार करून सांभाळतो, त्यामुळे ते ‘नाही’ मला फार लागले.

आलेल्या चारही विक्रेत्यांनी आपापल्या सादरीकरणात चाचणी प्रयोगशाळांचे आकडे दाखवले. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थांच्या चाचण्या गांभीर्याने घेण्याजोग्या आहेत, यात शंका नाही. पण त्या यादीत वरच्या बाजूला असलेल्या उत्पादनांमध्ये ओळखण्याच्या क्षमतेचा फरक इतका थोडा असतो की आमच्या आकाराच्या व्यवसायाने त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. आमची निवड वेगळ्याच गोष्टींवर ठरली. एक म्हणजे तपासणी विभागातल्या सीएमएम या मापे घेणाऱ्या यंत्राचा संगणक विंडोज ७ वर चालतो. मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचा आधार (सपोर्ट) १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, परंतु यंत्राची नवी प्रणाली आणि संगणक यांचे कोटेशन साडेसहा लाखांचे आल्यामुळे तो बदलता आलेला नाही. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फॉर बिझनेस हा तीनशेपर्यंत वापरकर्त्यांच्या व्यवसायांसाठीचा पर्याय मी गांभीर्याने पाहिला होता, पण तो विंडोज १० आणि ११ साठी आहे, म्हणून आमच्याकडे तो अर्धवटच बसला असता. दुसरे म्हणजे कन्सोल (सर्व संगणकांची स्थिती दाखवणारे पान) मी एकटीने, हिशेबाची कामे सांभाळून, रोज दहा मिनिटांत पाहू शकेन का. आणि तिसरे, रविवारी फोन कोण उचलेल.

रविवारचा मुद्दा बाहेरच्यांना कदाचित समजणार नाही. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवार हा आमचा भर कामाचा दिवस. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या मुलाने संपूर्ण स्कॅनची मूळ वेळ तशीच ठेवली होती: रविवार, दुपारी बारा. पहिल्याच रविवारी डिस्पॅचची गाडी दारात उभी, ई-वे बिल काढायचे आणि हिशेबाचे तिन्ही संगणक इतके मंदावले की एका चलनाला वीस मिनिटे गेली. आता संपूर्ण स्कॅन बुधवारी दिवसपाळी सुटल्यावर होतो, संगणक त्या रात्री चालू ठेवले जातात आणि सकाळी सुरक्षारक्षक ते बंद करतो. ही साधी गोष्ट आहे, पण बसवून देणाऱ्याने आधी ‘तुमची सुट्टी कोणती?’ एवढे विचारले असते तर ती दुपार वाचली असती.

सर्वांत मोठा त्रास जानेवारीत झाला. रात्री पावणेअकराला रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन आला: “वहिनी, प्रोग्राम मशीनला जातच नाही. खिडकी उघडते आणि लगेच मिटते.” पंप हाउसिंगचा जॉब यंत्रावर लागलेला होता. मी घरच्या लॅपटॉपवर कन्सोल उघडला, तेव्हा त्या संगणकापुढे लाल खूण दिसत होती: प्रोग्राम पाठवणारे अकरा वर्षांपूर्वीचे छोटे सॉफ्टवेअर त्या संध्याकाळच्या अपडेटनंतर संशयास्पद ठरून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे कुलूपबंद कोपऱ्यात, गेले होते. मी ते परत आणले आणि ऑपरेटरला पुन्हा चालवायला सांगितले. चार मिनिटांत ते पुन्हा क्वारंटाइनमध्ये गेले, कारण फाइल परत आणणे आणि तिला सूट देणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत आणि मी फक्त पहिली केली होती. यंत्र एकूण पन्नास मिनिटे थांबले.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने सुचवले की तो संपूर्ण फोल्डरच स्कॅनमधून वगळावा. मी त्याला नकार दिला आणि तो नकार योग्य होता असे मला आजही वाटते. त्याच फोल्डरमध्ये ड्रॉइंगच्या खोलीतून पेन ड्राइव्हवर आलेले प्रोग्राम उतरवले जातात, म्हणजे धोका येण्याची वाटही तीच आहे. आम्ही त्या एकाच फाइलला तिच्या हॅशवरून (मजकुरावरून काढलेल्या, बोटाच्या ठशासारख्या ओळखीवरून) सूट दिली. फाइलमध्ये एका अक्षराचा बदल झाला तरी ती सूट लागू होत नाही. निर्मात्याकडे चुकीच्या ओळखीची तक्रारही नोंदवली. पहिली दोन उत्तरे ठरीव मजकुराची आली, पण चौथ्या दिवशी दुरुस्ती झाली. ज्यांच्याकडे जुन्या यंत्रांची अशी सॉफ्टवेअर आहेत, त्यांनी चाचणीच्या तीस दिवसांत ती सर्व या सॉफ्टवेअरखाली एकदा चालवून पाहावीत, आणि तीही दिवसपाळीत.

टॅलीबाबतही हाच सल्ला मिळाला होता: वेग हवा असेल तर प्रोग्राम आणि डेटा दोन्ही वगळा. आम्ही केवळ डेटाचा फोल्डर रोजच्या तपासणीतून वगळला, प्रोग्रामचा नाही. याला कारण आहे. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरचा शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता. तेथून ते मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात पोहोचले आणि आपल्याकडे न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. हिशेबाचे सॉफ्टवेअर विश्वासाचे आहे म्हणून त्याच्याकडे पाहायचेच नाही, ही भूमिका त्यानंतर मला पटत नाही. डेटाचा फोल्डर वगळल्याने वेगाची तक्रार बहुतांशी मिटली.

अपडेटबद्दल आणखी एक. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. म्हणून खरेदीपूर्वी मी प्रत्येक विक्रेत्याला विचारले होते की अपडेट टप्प्याटप्प्याने देता येते का. दोघांना प्रश्नच कळला नाही. आम्ही घेतलेल्या उत्पादनात गट करता येतात: माझा आणि ड्रॉइंगच्या खोलीतला एक संगणक पहिल्या गटात, बाकीचे सहा तासांनी. जानेवारीतल्या त्या घटनेने दाखवले की प्रोग्राम पाठवणारा संगणक पहिल्या गटात दिवसपाळीत असायला हवा. तो आता तेथे आहे.

कन्सोलवर मी सर्वांत जास्त पाहते तो रकाना धोक्यांचा नाही, ‘शेवटचा संपर्क’ हा आहे. फेब्रुवारीत तीन संगणकांपुढे ‘१९ दिवसांपूर्वी’ असे दिसत होते आणि तरीही मुख्य पानावर हिरवे वर्तुळ होते, कारण त्या वर्तुळात फक्त जोडलेले संगणक मोजले जातात. चौकशी केल्यावर एक लॅपटॉप बंद पडलेला निघाला, दुसरा विक्री प्रतिनिधीबरोबर बाहेरगावी होता, आणि तिसऱ्यावरून हार्डवेअरवाल्याने ‘संगणक हळू चालतो’ म्हणून हे सॉफ्टवेअर काढूनच टाकले होते. काढण्यासाठी पासवर्ड लावण्याची सोय होती. ती मूळ स्थितीत बंद असते. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हा पासवर्ड लावावा आणि तो हार्डवेअरवाल्याला देऊ नये.

पेन ड्राइव्हवरच्या नियंत्रणाने मात्र मन जिंकले. ठेकेदारांच्या आणि यंत्रदुरुस्तीवाल्यांच्या पेन ड्राइव्हमधून फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसणारा तो जुना त्रास आमच्याकडे वर्षातून तीन-चार वेळा होत असे. आता नोंदवलेले सहा पेन ड्राइव्हच चालतात. चौदा महिन्यांत हा त्रास एकदाही झाला नाही. मार्चअखेरीच्या गडबडीत हिशेबातल्या मुलाने खरेदी आदेश समजून उघडलेली, पीडीएफचे चित्र लावलेली पण प्रत्यक्षात एक्सई (चालणारा प्रोग्राम) असलेली फाइलही चालू होण्याआधी अडवली गेली. रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) बचावासाठी कागदपत्रांच्या प्रती त्याच डिस्कवर ठेवण्याची सोय मात्र मी सर्व्हरवर बंद केली. तिने दोन महिन्यांत डिस्क भरत आणली होती.

आता फायरवॉल. या खरेदीतला सर्वाधिक लाभ मला येथे झाला असे मी मानते. घरून टॅली पाहता यावी म्हणून कोणे एके काळी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) ३३८९ हे पोर्ट, म्हणजे आत येण्याचे दार, थेट उघडून ठेवलेले होते. फायरवॉल बसल्यावरही तो नियम सुरुवातीला चालूच होता. पहिल्या रात्रीच्या नोंदी मी सकाळी उघडल्या, तर प्रवेशाच्या प्रयत्नांची पानेच्या पाने होती. एकामागून एक नावे वापरून पाहिलेली: अॅडमिनिस्ट्रेटर, अॅडमिन, युझर, अकाउंट्स, आणि टॅली. ते शेवटचे नाव पाहून मी सासऱ्यांना बोलावून ती ओळ दाखवली. त्याच दिवशी पोर्ट बंद झाले आणि बाहेरून येण्यासाठी व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) आणि मोबाइलवरचा दुसरा कोड सुरू झाला. सासऱ्यांना तो कोड रोज टाकणे जड जाते, पण त्यांनी एकदाही तक्रार केलेली नाही.

सीएमएमचा संगणक, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर आणि हजेरीचे यंत्र यांना फायरवॉलने वेगळ्या विभागात टाकले आहे. सीएमएमला इंटरनेट नाही; तपासणीचे अहवाल ठेवण्यापुरता सर्व्हरवरचा एकच फोल्डर त्याला दिसतो. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर अशाच अद्ययावत न केलेल्या विंडोज संगणकांमधून, फाइल शेअरिंगच्या वाटेने पुढे गेला होता. त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) दोन महिने आधीच आलेला होता. आमच्या संगणकाला तर आता पॅचच येत नाहीत, म्हणून वाट बंद करणे हाच उपाय होता. विंडोज ७ साठीचे एंडपॉइंट सॉफ्टवेअर त्यावर आहे, पण माझी भिस्त त्यापेक्षा या भिंतीवर अधिक आहे.

एक उणीव विक्रेत्याने सांगितली नव्हती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. आम्ही घेतलेल्या उपकरणात डिस्क नाही; वीज गेली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि भोसरीत वीज जाते. शेवटी स्टोअरमधला एक जुना संगणक केवळ नोंदी साठवण्यासाठी लावला. फायरवॉल घेताना ‘नोंदी किती दिवस आणि कोठे राहतात?’ हा प्रश्न लेखी विचारावा.

आणि या सर्वांतून सुटणारी गोष्टही लिहायला हवी. ऑगस्टमध्ये आमच्या एका पुरवठादाराच्या खऱ्या ईमेल खात्यावरून, जुन्याच संभाषणाखाली, नव्या बँक खात्याचा क्रमांक आला. व्हायरस नाही, दुवा नाही, संशयास्पद जोडपत्र नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरने त्याला अडवण्याचे कारण नव्हते. दोन लाख चाळीस हजारांची रक्कम भरण्यापूर्वी आमच्या हिशेबनीस काकांनी त्यांच्या जुन्या नंबरवर फोन केला म्हणून पैसे वाचले. त्यानंतर बँक खाते बदलल्यास फोनवरून खात्री केल्याशिवाय रक्कम जात नाही, आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक हिशेबाच्या भिंतीवर लावलेला आहे.

बॅकअप रोज रात्री वेगळ्या उपकरणावर जातो, आणि दोन बाह्य डिस्कपैकी एक बुधवारी संध्याकाळी काढून घरी नेली जाते. जुलैमध्ये परत आणण्याची चाचणी घेतली: टॅलीचा डेटा पंचवीस मिनिटांत आला, ड्रॉइंगला साडेतीन तास लागले.

खर्च असा: पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे १,१५० रुपये, म्हणजे बावीस संगणकांचे २५,३०० आणि १८ टक्के जीएसटी धरून २९,८५४. फायरवॉल पहिल्या वर्षाच्या सदस्यत्वासह ४६,०००, जीएसटी वेगळा. नूतनीकरणाच्या वेळी संगणकामागचा दर थेट १,४८० सांगण्यात आला. दुसऱ्या विक्रेत्याचे कोटेशन दाखवल्यावर तो १,२५० वर आला. खरेदीच्या वेळीच नूतनीकरणाचा दर लिहून घेतला असता तर ही घासाघीस टळली असती.

तीन वर्षांचे नूतनीकरण स्वस्त पडत असूनही मी एकाच वर्षाचे केले. आमचे आठ संगणक विंडोज १० वर आहेत आणि त्या आवृत्तीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्यवसायांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटचा पहिल्या वर्षाचा दर संगणकामागे ६१ डॉलर असून तो दर वर्षी दुप्पट होतो, म्हणून पाच संगणक येत्या गुढीपाडव्यापर्यंत बदलायचे ठरले आहे. उरलेले तीन यंत्रांना जोडलेले आहेत; ते सीएमएमशेजारी त्याच वेगळ्या विभागात जातील आणि त्यांची केबल ओढण्याचे काम पुढच्या गुरुवारी आहे.