काचेच्या झाकणाची कोहिबा

२०१९ साली आम्ही नवरा-बायको हवानाला गेलो होतो. तिथे एका माणसाने मला पंधरा मिनिटांत गंडवलं, आणि पुढचे तीन आठवडे मी माझा मलाच गंडवत राहिलो. पहिलं कुणाचंही होऊ शकतं. दुसऱ्यासाठी थोडं वाचन लागतं, आणि सिगारवर मी भरपूर वाचून गेलो होतो.

कापितोलिओ या घुमटाच्या सरकारी इमारतीजवळ एक जण गप्पा मारत बरोबर चालू लागला. कपडे नीटनेटके, इंग्रजी बरं. मामा सिगारच्या कारखान्यात आहे म्हणाला. आज सहकारी संस्थेचा दिवस, कामगारांना आपला वाटा विकायची मुभा फक्त आजच, उद्या दुकानात हाच डबा पाचपट. पुढे कळलं की हा 'दिवस' हवानात रोजच असतो. कारखान्यातल्या लोकांना स्वतः ओढायला थोड्या सिगार मिळतात एवढं खरं, आणि म्हणूनच ती गोष्ट पटते. पण कोहिबा या क्युबाच्या नामांकित ब्रँडचे सीलबंद डबे काही कुणी वाटून देत नाही.

दोन जिने चढून एका खोलीत गेलो. टेबलावर काचेच्या झाकणाचा डबा, आत २५ एस्प्लेंदिदोस, म्हणजे कोहिबातल्या लांब सिगार, पिवळ्या-काळ्या कागदी बँडसकट. मी हिरवं-पांढरं सरकारी सील बोटाने चाचपलं, होलोग्राम उजेडात तिरका धरला, बारकोड आहे का पाहिलं. "तुम्हाला यातलं कळतं," तो म्हणाला. झालं, तिथेच मी खलास. बायको हळूच म्हणाली, "अरे, पावती?" मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि ८० पेसो मोजले. तेव्हाचे परिवर्तनीय पेसो, डॉलरला एकास एक.

कोहिबा काचेच्या झाकणाच्या डब्यात कधी येतच नाही. हा ब्रँड १९६६ साली कास्त्रो आणि परदेशी पाहुण्यांसाठी सुरू झाला, बाहेर विक्रीला १९८२ मध्ये आला, नाव तंबाखूसाठीच्या ताइनो शब्दावरून पडलं, हे सगळं मला पाठ होतं. डब्याचं झाकण कशाचं असतं हे तेवढं वाचायचं राहिलं होतं.

त्या रात्री बाल्कनीत पहिली सिगार पेटवली. ड्रॉ, म्हणजे धूर ओढताना लागणारा जोर, इतका घट्ट की गाल आत जात होते. एक बाजू भराभरा जळत होती, दुसरी तशीच, तीनदा परत पेटवावी लागली. राख सालपटासारखी सुटून पँटवर पडत होती. घसा खवखवला, जिभेला टोचल्यासारखं झालं, नाकात अमोनियाचा भपका. आणि वहीत मी काय लिहिलं? 'पहिल्या तृतीयांशात ताजं गवत. मग मध, किंचित. शेवटी कॉफी.' टोचणं मी हवेतल्या दमटपणावर ढकललं, वाकडं जळणं वाऱ्यावर. बँडवर जे नाव होतं त्याची चव मी ओढत होतो. तीन आठवड्यांत अशा सहा ओढल्या, दोन मित्रांना मोठ्या मनाने भेट दिल्या. त्यांनीही "वा!" म्हटलं. बिचाऱ्यांनी दुसरं काय म्हणायचं?

भांडं फोडलं तिसऱ्या मित्राने. त्याने सिगार पेटवलीच नाही. टोक बघितलं, मग स्वतःकडची एक कोहिबा रोबुस्तो, म्हणजे आखूड-जाड प्रकारची सिगार, काढून शेजारी ठेवली. तिच्या टोपीवर, म्हणजे तोंडाकडच्या टोकावर, पानाच्या तीन बारीक वेढ्यांच्या रेघा दिसत होत्या. माझ्या सिगारवर एकच तुकडा डिंकाने बसवल्यासारखा. रॅपरवर, म्हणजे बाहेरच्या पानावर, जाड शिरा, मधेच बोट दाबलं की पोकळ. एस्प्लेंदिदोस १७८ मिलिमीटर लांब असते. पट्टी लावून मोजल्या तर माझ्या डब्यातल्या दोन सिगारची लांबी एकसारखी निघेना.

मग त्याने ब्लेडने एक उभी चिरली. अस्सल एस्प्लेंदिदोसमध्ये फिलरची, म्हणजे आत भरलेली, पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातात. ती तीन प्रकारची: वोलादो जळायला, सेको वासाला, लिहेरो ताकदीला. लिहेरो जाड आणि सावकाश जळणारं, म्हणून ते बरोबर मधोमध. राख इंचभर टिकते ती या लांब पानांमुळे. माझ्या सिगारमधून कागदावर पडला तो चुरा, देठांचे तुकडे आणि तंबाखूचं वाटेना असं एक फिकट पान. झाडून गोळा केल्यासारखं. बायकोने वाकून पाहिलं. काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

डबा उलटा केल्यावर उरलंसुरलं उरकलं. अस्सल डब्याच्या तळाशी 'एचो एन कूबा' (क्युबात बनवलेली) आणि 'तोतालमेंते आ मानो' (पूर्णपणे हाताने) ही अक्षरं लाकडात डागलेली असतात, नख फिरवलं तर खोलगट लागतात. त्याशेजारी कारखान्याचा कोड, महिना आणि वर्ष शाईने मारलेलं असतं. माझ्या डब्यावर अक्षरं छापलेली, गुळगुळीत, आणि महिन्याचा पत्ताच नाही. ज्या सीलवर मी भाळलो होतो ते छापणं सगळ्यात सोपं काम. तेव्हा तुम्ही जाल तर सीलकडे शेवटी बघा. आधी डबा उलटा करा, उघडा, सगळ्या सिगारचा रंग आणि टोकं एका ओळीत येतात का पाहा, प्रत्येक बँड सारख्याच उंचीवर आहे का पाहा. डबा उघडू न देणाऱ्याला रामराम. खरेदी 'ला कासा देल आबानो'सारख्या अधिकृत दुकानातून, पावतीसकट. परवडत नसेल तर एकच सुटी घ्या. रस्त्यावर गाठून जिने चढायला लावणाऱ्या कुणाचा मामा कुठेही नसतो.

त्या मित्राने आपली रोबुस्तो मला ओढायला दिली. लाजेने मी नको म्हटलं, मग घेतलीच. राख पडायची वाट बघत बसलो आणि ती पडेना. वहीत त्या दिवसाची नोंद केली नाही. आधीचं पान मात्र फाडलेलं नाही. 'मध, किंचित' तसंच आहे, आणि 'किंचित'खाली मी दोनदा रेघ ओढलेली आहे.