गस्तीच्या गाडीबरोबर अकरा महिने: मीटरवरचे किलोमीटर आणि डायरीतले तास

नवी गाडी आमच्या ताब्यात आली तेव्हा मीटरवर 212 किलोमीटर होते, आज 30 हजार ओलांडलेत. मी चालक महिला पोलीस अंमलदार. नवी मुंबईत गस्तीची गाडी चालवते. गाडीवर आम्ही दोघं चालक आहोत, एक दिवसाला, एक रात्रीला. गाडीचं आणि ठाण्याचं नाव लिहीत नाही. सात आसनी, डिझेल, बीएस-6 प्रदूषण मानकाची, हाताने गिअर टाकायची, चेसिसवर बॉडी बसवलेली गाडी, एवढं सांगितलं तरी पुरे. याच जातीच्या बहुतेक गाड्यांना पुढचं सगळं लागू पडेल.

खासगी गाडीवाले अनुभव लिहितात तेव्हा गाडी घाटात कशी चढली, हायवेवर अ‍ॅव्हरेज किती मिळालं, हे सांगतात. गस्तीच्या गाडीच्या नशिबी घाटही नाही आणि हायवेही नाही. रात्री आठला ताबा घेते तेव्हा आधी ऑइल, कूलंट, टायर, स्टेपनी, बॅटन लाइट (छतावरचे लाल-निळे दिवे), सायरन तपासते आणि लॉगबुकात सुरुवातीचं रीडिंग टाकते. मग वाशी स्टेशनचा परिसर, एपीएमसीची गेटं, आणि अकरापासून नाकाबंदी. नाकाबंदीला गाडी तीन-तीन तास एका जागी उभी असते, पण इंजिन बंद करता येत नाही. वायरलेस सेट चालू, 112 च्या कॉलसाठी बसवलेला टॅब चालू, वरचे लाल-निळे दिवे चालू, पावसाळ्यात काचेवरचा दमटपणा जावा म्हणून एसी चालू. महापेच्या 112 केंद्रातून कॉल पडला की दोन मिनिटांत हलायचं असतं, तेव्हा चावी फिरवल्यावर नुसती 'टक' झाली तर चालत नाही. सकाळी आठला रीडिंग घेतलं की बारा तासांत चाळीस-पन्नास किलोमीटर झालेले असतात.

मला पहिल्यापासून हे खटकत होतं. माझ्या मामांचा जुन्नरकडे ट्रॅक्टर आहे. त्याच्या मीटरवर तास असतात. मामा कधी म्हणत नाहीत की ट्रॅक्टर इतके किलोमीटर चालला, ते म्हणतात, "अडीचशे तास झालं, ऑइल बदलायला आलं." जेसीबीवालेही तासांतच बोलतात, जनरेटरचंही तसंच. जे यंत्र जागेवर उभं राहून काम करतं त्याचं वय तासांत मोजायचं, हे आपल्याकडे खेड्यातल्या पोरालाही माहीत आहे. आमची गाडी त्याच पंगतीतली आहे, पण तिचा हिशेब मात्र टूरिस्ट गाडीसारखा ठेवला जातो.

म्हणून मी डायरी घातली. माझ्या 61 ड्युट्यांची नोंद आहे. एकूण 2,806 किलोमीटर, इंजिन चालू 451 तास. त्यातले 311 तास गाडी जागेवर उभी. म्हणजे इंजिन चालू असलेल्या तासामागे सरासरी सहा किलोमीटर. अमेरिकेत फोर्ड कंपनी आपल्या पोलीस गाड्यांसाठी इंजिन तासभर उभ्याने चाललं की 33 मैल, म्हणजे सुमारे 53 किलोमीटर धावल्याइतकी झीज धरते आणि त्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर उभ्याने चाललेले तास वेगळे दिसतात. त्या हिशेबाने माझे 311 तास म्हणजे साडेसोळा हजार किलोमीटर. आपल्या डिझेल इंजिनाला तो आकडा जसाच्या तसा बसणार नाही, म्हणून निम्मा धरा. तरी मीटरवरचे 2,806 मिळवून 11 हजार होतात. सर्व्हिस बुकात ऑइल बदल 10 हजारांवर लिहिलाय. नुसत्या माझ्या किलोमीटरांवरून पाहिलं तर अजून सात हजार बाकी होते.

हे कागदावरचं गणित राहिलं असतं, पण ऑगस्टमधल्या एका रात्री ते समोर आलं.

रात्रीचे पावणेतीन. तुर्भ्याला नाकाबंदी उठवून गाडीत बसले तर डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा. बीएस-6 डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, ती ही डीपीएफ. जाळीत काजळी साठली की गाडी ती आपणहून जाळते, पण त्यासाठी जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते आणि गाडी सलग काही वेळ चालावी लागते. आमच्या गाडीला सलग चालणं मिळतं कुठे? ती जाळायला सुरुवात करते, तेवढ्यात कॉल येतो, मग आम्ही थांबतो, इंजिन बंद होतं, जाळणं अर्धवट राहतं. असं चार-पाच वेळा झालं की पिवळा दिवा. दुर्लक्ष केलं तर पुढे गाडीची ताकद कमी होते आणि ती वर्कशॉपला न्यावीच लागते. तेव्हा ठाण्याकडे चारचाकी किती उरतात, हे आमच्या लोकांना सांगायला नको.

साहेबांना सांगितलं, नियंत्रण कक्षाला कळवलं आणि गाडी पाम बीच रोडला काढली. वाशीहून बेलापूर आणि परत. तिसरा गिअर सोडला नाही, आरपीएमचा काटा 2,200 ते 2,500 मध्ये धरून ठेवला. रस्ता मोकळा होता, उजवीकडे खाडीच्या बाजूला काळोख. नेरूळच्या पुढे तापलेल्या लोखंडासारखा वास आला, माझ्यासोबतच्या हवालदारांनी काच खाली करून पाहिलंसुद्धा. त्यांना म्हटलं, "दादा, घाबरू नका, काजळी जळतेय." परतीला सानपाड्याच्या अलीकडे दिवा विझला. एकूण पंचवीस मिनिटं लागली. एक काळजी मात्र घ्या: असं जाळणं झाल्यावर गाडी लगेच सुक्या गवतावर उभी करू नका, खालचा भाग भयंकर तापलेला असतो.

सकाळी दिवसाच्या दादांना ताबा देताना डिपस्टिक ओढली. फडक्याने पुसून परत घातली, परत ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. ऑइल कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक, वाढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. बोटाला लावून वास घेतला तर डिझेल. काजळी जाळताना इंजिन जादा डिझेल सोडतं आणि ते जाळणं अर्धवट राहिलं की त्यातलं काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना आणि टर्बोला वंगण देऊ शकत नाही. वर्कशॉपला नेली तर काउंटरवर पहिलं वाक्य: "मॅडम, अजून दहा हजार झाले नाहीत." मी डिपस्टिक त्यांच्या हातात दिली. ऑइल त्याच दिवशी बदललं. तेव्हापासून आम्ही ऑइल पाच हजारांवर बदलून घेतो, आणि दर आठवड्याला एकदा गाडी मुद्दाम पंचवीस मिनिटं सलग चालवतो, दिवा लागायची वाट न पाहता. त्यानंतर आजपर्यंत दिवा लागलेला नाही. ज्यांच्याकडे बीएस-6 डिझेल गस्तीला आहे त्यांनी हे एवढं एक तरी करावं. सर्व्हिस बुकाच्या मागच्या पानांवर खडतर वापरासाठी कमी अंतराचं कोष्टक बहुतेक कंपन्या देतात. गस्त म्हणजे तोच वापर.

अ‍ॅव्हरेजबद्दल मन मोकळं करून लिहिते. आमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला सहाच्या आसपास येतं. गाडी पळते तेव्हा बारा देते. उरलेलं डिझेल उभ्याउभ्या जातं, एसी चालू असला की तासाला पाऊण ते एक लिटर. पण लॉगबुकात तासांचा रकानाच नाही. पूर्वी मी दुसऱ्या जिल्ह्यात असताना तिथल्या एका जुन्या चालक काकांकडून असल्याच अ‍ॅव्हरेजसाठी लेखी खुलासा मागवला गेला होता. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, उभ्या नोकरीत एक लिटर इकडचा तिकडे न केलेला माणूस. खुलासा लिहिताना त्यांचा हात थरथरत होता, कारण त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. डायरी घालण्यामागे ते काका आहेत.

वीज हा दुसरा दुखरा भाग. कंपनीची वायरिंग चांगली आहे, त्रास झाला तो वरून बसवलेल्या सामानाचा. बॅटन लाइट बसवणाऱ्याने छताला भोकं पाडली, पण सील नीट लावलं नाही. जुलैमध्ये पाणी आतल्या कापडातून ठिबकायला लागलं, थेट वायरलेस सेटवर. डॅशबोर्डखाली हात घातला तर सायरनची वायर सरळ दुसऱ्या वायरला पिळून वर काळी टेप. रिले नाही, फ्यूज नाही. एमटीतल्या (पोलिसांच्या मोटार परिवहन विभागातल्या) इलेक्ट्रिशियन दादांनी दोन दिवस घालून सगळं उपसलं, प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज दिला, भोकांना रबरी वॉशर आणि सिलिकॉन लावलं. गाडी नवीन आली की हे पहिल्या आठवड्यात बघा, पावसाची वाट बघू नका. बॅटरी मात्र आठव्या महिन्यात गेलीच. इतक्या उपकरणांना एक बॅटरी पुरत नाही. दिवे, सेट आणि टॅबसाठी दुसरी बॅटरी हवी, तीही अशी जोडलेली की ती उतरली तरी स्टार्टरची शाबूत राहील. फोर्डने 2020 च्या मॉडेलपासून पोलिसांसाठी हायब्रिड गाडी काढली ती याच विचाराने: उभी असताना इंजिन बराच वेळ बंद राहतं आणि मोठी बॅटरी दिवे-रेडिओ चालवते. आपल्याकडे गाड्या निवडताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा हा मुद्दा वर यायला हवा. मला अकरा महिन्यांत जास्त ताकद लागली असं एकदाही झालं नाही.

निवडीचंच बोलायचं तर सीट. माझी उंची पाच फूट एक. सीट वरखाली होते म्हणून बॉनेटचं टोक दिसतं, ज्या गाडीत ती सोय नव्हती तिथे मी उशी घेऊन चालवलं आहे. कमरेचा पट्टा आणि सीटबेल्टचं बक्कल एकमेकांत अडकतात. घाईत उतरताना हे फार त्रासदायक. कापडी सीट चुकीची निवड आहे. ओले रेनकोट, चिखल, कधी जखमी माणसाचं रक्त, हे कापडातून निघत नाही. आम्ही रेक्झिन आणि खाली जाड रबर घालून घेतलं, आता नळी मारून धुता येतं.

आणि पायरी. गाडी उंच आहे, पावसात तो फायदाच. पण जानेवारीत सानपाड्यात वाट चुकलेल्या एका आजींना घरी सोडायचं होतं. त्यांनी दाराला धरलं, पाय उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "पोरी, एवढ्या उंच कशी चढू गं मी?" मी आणि हवालदार दादांनी त्यांना अलगद उचलून बसवलं. सुती लुगडं, वजन एखाद्या लहान मुलीइतकं. दुसऱ्या आठवड्यात मागच्या दाराला खालची पायरी वेल्ड करून घेतली. पोलीस गाडीत आरोपी बसतो तशी बाळंतीण बसते, म्हातारी माणसं बसतात. गाडी निवडणाऱ्यांनी एकदा सत्तरीच्या माणसाला मागच्या सीटवर चढवून बघावं.

टायरचं थोडक्यात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात बंदोबस्त लागला की पंक्चर ठरलेलं, रस्त्यावर पत्र्याचे कातरे आणि तारांचे तुकडे असतात. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असल्याने चिखलात झोपून काढावी लागते. गाडीत हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चरचं किट ठेवलंय, त्याने निम्मे प्रसंग निभावले. खाडीच्या खाऱ्या हवेचा गंज दिसायला लागला आहे, सायलेन्सरच्या क्लॅम्पवर आणि दाराच्या खालच्या कडांवर. पावसाळ्याआधी खालून गंजरोधक लेप मारून घेतला होता तिथे तो नाही. ब्रेक, क्लच, गिअर यांबद्दल तक्रार नाही. खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या बंदोबस्तात चढावर गाडी अडखळली नाही.

आता गाडी बदलायची कधी. सरकारी गाड्यांची नोंदणी 15 वर्षांनी रद्द होते, हा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, चिलखती आणि तशा खास कामाच्या गाड्या वगळून. मग ती गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी लागते. नियम चांगलाच आहे, पण ती शेवटची मर्यादा आहे. दोन पाळ्यांत अखंड चालणारी गस्तीची गाडी आणि कार्यालयाबाहेर झाडाखाली उभी असणारी गाडी एकाच वर्षी म्हाताऱ्या होत नाहीत. इंजिनाचे तास, गेल्या वर्षभरात ती किती दिवस वर्कशॉपात पडून होती, आणि दुरुस्तीचा खर्च, हे तीन आकडे समोर असले तर कोणती गाडी आधी काढायची ते कुणालाही कळेल. तास मोजायचं मीटर महाग वस्तू नाही, जनरेटरला लावतात तेच.

ते मीटर बसवायला परवानगी मिळावी म्हणून गेल्या महिन्यात अर्ज दिला आहे, सोबत डायरीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. तोवर दिवसाच्या दादांनीही डायरी सुरू केली आहे. पेन गाडीच्या व्हायझरला अडकवलेलं असतं. काल रात्रीची माझी नोंद: 38 किलोमीटर, इंजिन 8 तास 10 मिनिटं, त्यात उभी 6 तास 20 मिनिटं. ऑइल खुणेवर.