एम.ए. इतिहासात करावं की पुरातत्त्वात?

बी.ए.चा निकाल लागला की इतिहासाची आवड असलेली बरीच मुलं इथे अडतात: विद्यापीठात इतिहासात एम.ए. करायचं, की पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाला जायचं? दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. रोजचं काम मात्र अगदी वेगळं.

इतिहासवाल्याचा दिवस कागदांत जातो. मराठेशाहीवर काम करायचं तर मोडी, म्हणजे त्या काळातल्या मराठी कागदांची लिपी, यायलाच हवी, आदिलशाही किंवा मोगलांकडे वळायचं तर फारसी. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतल्या कागदपत्रांचा संग्रह, पुण्यात आहे, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही तिथेच. मूळ साधनं इतकी हाताशी असताना फक्त नोट्सवर एम.ए. उरकणाऱ्या मुलांचं मला खरंच वाईट वाटतं.

पुरातत्त्वात लिहिलेला शब्द नसतानाही माणसं शोधायची असतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरली जात त्या काळातल्या, त्या गावात घराच्या जमिनीखाली, मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. ती माणसं काय पिकवत, कोणती जनावरं पाळत, हे जळक्या दाण्यांवरून आणि हाडांवरून कळलं. इथे खापरं धुणं, त्यांवर नंबर घालणं, मोजमाप, रेखाटन हाच अभ्यास. उन्हात तंबूत राहायची तयारी हवी. पदवी इतिहासातलीच हवी असं नाही, विज्ञानाची मुलंही इथे येतात आणि छान रमतात.

आता नोकरी. इतिहासाचं दार रुंद आहे. यूपीएससीला इतिहास हा वैकल्पिक विषय आहे, पुरातत्त्व नाही. बी.एड. करून शाळेत जाता येतं. नेट किंवा सेट पास होऊन प्राध्यापक होता येतं, पण कायम नेमणुकीआधी अनेकांना सीएचबीवर, म्हणजे तासिकांप्रमाणे मिळणाऱ्या मानधनावर, वर्षानुवर्षं काढावी लागतात. घरी पैशांची निकड असेल तर हे आधीच धरून चाला. मोडी वाचणाऱ्याला जमिनीच्या आणि वारसाहक्काच्या जुन्या कागदांची लिप्यंतरं करायची कामं मिळतात. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी जाणकारांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी आली.

पुरातत्त्वाचं दार अरुंद. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, संग्रहालयं आणि वारसा-संवर्धनाची कंत्राटी कामं, एवढाच मुख्य पसारा. नेटला स्वतंत्र पेपर आहे, पण हा विषय शिकवणारी महाविद्यालयं थोडी. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत, त्यांची निगा राखायला शिकलेली माणसं लागतीलच. पण त्यासाठी पदं कधीतरी निघतील, या आशेवर प्रवेश घेऊ नका.

माझं मत विचाराल तर, स्पर्धा परीक्षा किंवा शिक्षकी मनात असेल तर इतिहास घ्या आणि पहिल्याच वर्षी मोडी शिका. जुनी सरकारी कागदपत्रं सांभाळणारं राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. पुरातत्त्व घ्यायचं असेल, तर प्रवेशाआधी एखाद्या उत्खननावर किंवा गावच्या सर्वेक्षणात काही दिवस काम करायची परवानगी मिळते का, ते पाहा. तिथे चौथ्या दिवशीही खापरं धुवावीशी वाटली, तर कमी जागांची फार काळजी न करता अर्ज भरा.