नवापूर तालुक्यातील तीन दिवसांचे बायबल अभ्यास शिबिर : एक अभिप्राय

कापूस वेचणी आटोपल्यावर भरलेल्या या निवासी शिबिराला मी पत्नीसह गेलो होतो. शिकवणीचा सगळा भर बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायातील 8 ते 10 या वचनांवर होता आणि शिबिराचे खरे मोल तेथेच आहे. तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी नव्हे तर कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते, हे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानपणापासून ऐकलेले असले, तरी दहावे वचन सत्कृत्यांना कृपेचे फळ ठरवते, तिची किंमत नव्हे, हा क्रम पाळकांनी इतक्या सावकाश उलगडला की वर्षानुवर्षे प्रार्थनेचे तास वहीत मांडणारा मी ती वही मिटून गप्प बसलो. शेजारच्या आजींनी मात्र विचारले, "मग भाऊ, आता उपास सोडायचे का?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर घाईत उरकले गेले, हे खटकले, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू उपास करणाऱ्यांशीच बोलतो, ते पान उघडायला हवे होते. ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला. कळण्याची भाकरी आणि ठेचा उत्तम. शुल्क नव्हते, दानपेटी दाराशी होती, पण तिच्याकडे कोणी बोट दाखवले नाही.